घोषणांआधी यादी : सोलापुरात मतदार शिक्षणाचा कार्यक्रम कसा आखावा

मतदार जागृती म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती प्रभातफेरी. हातात फलक, पुढे लेझीम, पार्क चौकात शपथ आणि शेवटी फोटो. फेरीला हरकत नाही. पण मतदानाच्या दिवशी केंद्रावरून हात हलवत परतणाऱ्यांना कारण विचारलं, तर 'मताचं महत्त्व माहीत नव्हतं' असं कोणी म्हणत नाही. यादीत नाव नाही, नाव आहे पण जुन्या पेठेत, ओळखीचा पुरावा म्हणून नुसती मतदार चिठ्ठीच आणली, पाळी सुटायला उशीर झाला, ही खरी कारणं असतात. म्हणून माणसं आणि पैसा यांचा सर्वात मोठा वाटा यादीच्या कामाला द्यावा, त्यानंतरचा मतदानाच्या दिवसाच्या माहितीला, आणि उरला तर लेझमीला.

पुढची पद्धत पाच ते दहा मतदान केंद्रांच्या भागासाठी आहे. महाविद्यालयाचं एनएसएस युनिट, महिला मंडळ किंवा कामगार वस्तीत काम करणारी संस्था यांना ती झेपते. पूर्ण शहर एकदम हाती घेऊ नये. तसं केलं की काम पत्रकं वाटण्यावर येऊन थांबतं.

आधी ठरवा : कोणती निवडणूक, कोणती यादी

सोलापूर जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ आहेत, पण ते सगळे सोलापूर लोकसभेत येत नाहीत. शहर उत्तर, शहर मध्य, सोलापूर दक्षिण, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर हे सहा सोलापुरात. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे चार माढा लोकसभेत. आणि बार्शी धाराशिवमध्ये. बार्शीच्या मुलांसमोर सोलापूरच्या उमेदवारांची यादी धरून बोलणारे पाहुणे भेटतात, तेव्हा हे सगळ्या स्वयंसेवकांना पहिल्याच बैठकीत नकाशावर दाखवा.

दुसरा गोंधळ आयोगांचा. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत राज्य निवडणूक आयोगाकडे. यादी मात्र मूळची एकच, विधानसभेची. राज्य आयोग एक तारीख ठरवतो, त्या तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि ती महापालिकेच्या प्रभागांत किंवा पंचायत समितीच्या गणांत फोडतो. प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकती मागवतात तेव्हा चुकीच्या प्रभागात पडलेलं नाव किंवा लेखनाची चूक दुरुस्त होते. त्या टप्प्यावर नवं नाव चढत नाही. ठरलेल्या तारखेआधी विधानसभेच्या यादीत नसलेल्याला महापालिकेला मत नाही. २०२५-२६ च्या स्थानिक निवडणुकांसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती. महापालिकेसाठी कार्यक्रम करायचा असेल तर नोंदणीचा भाग निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी उरकावा लागतो.

लोकसभा-विधानसभेला थोडी सवड मिळते. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेल्या अर्जांचा विचार होतो. पण त्यावर भरवसा ठेवू नये. शेवटच्या आठवड्यात बीएलओंच्या, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या, डोक्यावर इतर कामं असतात आणि पडताळणी घाईत होते. १८ पूर्ण झाली का हे मोजायला वर्षात चार अर्हता तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, त्यामुळे बारावीच्या वर्गात जाणं कधीच लवकर होत नाही.

कुठे काम करायचं

अंदाजाने वस्ती निवडू नका. मागच्या निवडणुकीचा फॉर्म २० मिळवा. त्यात केंद्रनिहाय पडलेली मतं असतात. त्या त्या केंद्राच्या यादीतील मतदारसंख्येने भागलं की टक्केवारी निघते. सगळ्यात कमी टक्क्यांची वीसेक केंद्रं काढा आणि त्यांतून तुमची माणसं पायी पोचू शकतील अशी पाच ते दहा निवडा.

मग त्या भागांच्या यादीचे पीडीएफ उतरवून छापा. पहिल्या पानावर केंद्राचं नाव आणि स्त्री-पुरुष मतदारसंख्या असते, शेवटच्या पानावर वाढलेली आणि वगळलेली नावं. यादीत दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, १८-१९ वयाचे किती आहेत. हजार मतदारांच्या भागात असे दहा-पंधराच दिसले, तर पोरं यादीबाहेर आहेत हे धरून चाला. दुसरी, स्त्री-पुरुषांच्या संख्येतला फरक. बायका बऱ्याच कमी असतील तर लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं माहेरीच राहिलेली असतात. सोलापुरात हे माहेर विजयपूरचं, कलबुर्गीचं, नाहीतर तेलंगणातलंही असतं.

कमी टक्क्यांचा अर्थ नेहमी उदासीनता नसतो. विडी कामगारांची हजारो कुटुंबं शहरातल्या भाड्याच्या खोल्यांतून कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत गेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये कुंभारीतल्याच रे नगरमधली १५ हजार घरं वाटली गेली. घर बदललं तरी पेठेतल्या यादीतलं नाव तिथेच राहतं. अशा जुन्या केंद्रावर मतदान कमीच दिसणार. तिथे कितीही पथनाट्यं केली तरी टक्का हलणार नाही, कारण ज्यांचा टक्का मोजताय ती माणसं तिथे राहातच नाहीत. काम करायचं ते नव्या वसाहतीत, स्थलांतराच्या अर्जांचं. कुंभारी महापालिकेबाहेर आहे, तेव्हा नाव तिकडे गेलं की महापालिकेचं मत जातं आणि ग्रामपंचायतीचं मिळतं. हे अर्ज भरण्याआधीच सांगा. नंतर कळलं तर माणूस चिडतो, आणि ते बरोबरच आहे.

माणसं किती, वेळ किती

एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार, म्हणजे साधारण २५० ते ३०० घरं. दोघांची एक जोडी संध्याकाळच्या अडीच तासांत २५ घरं नीट करते. एका केंद्राला दोन जोड्या दिल्या तर सहा संध्याकाळी फेरी संपते, आणि बंद घरांसाठी दोन संध्याकाळी राखून ठेवा. जोडीत एक बाई असावीच, आणि जोडीतला एक जण त्या वस्तीची भाषा बोलणारा असावा. पाच केंद्रांना वीस माणसं लागतात. प्रशिक्षणाला तीस बोलवा, दहा गळतात.

प्रशिक्षण एका दिवसाचं पुरतं. सकाळी यादी वाचायला शिकवा : भाग क्रमांक, अनुक्रमांक, वगळलेल्या नावाची खूण. दुपारी प्रत्येकाने आपल्या मोबाइलवर स्वतःचं नाव शोधायचं आणि एक अर्ज शेवटच्या पायरीपर्यंत भरून पाहायचा. या वेळी निम्म्या स्वयंसेवकांची स्वतःची नावं चुकीची किंवा गायब निघतात, आणि तिथूनच प्रशिक्षणाला जोर येतो.

एकूण दहा ते बारा आठवडे धरा. पहिले दोन यादीचा अभ्यास आणि परवानग्या, पुढचे चार घरोघरी फेरी आणि शिबिरं, त्यानंतर दोन-तीन आठवडे अर्जांचा पाठपुरावा, शेवटचे मतदानाच्या दिवसाच्या माहितीला. जानेवारीत २५ तारखेचा राष्ट्रीय मतदार दिन येतो, पण त्याआधीचे दहा-पंधरा दिवस सोलापूर गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत असतं. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी घरोघरी फेरी ठेवणं म्हणजे कुलपं मोजणं. उलट गड्ड्याच्या गर्दीत नाव तपासून देणारं एक टेबल टाकलं, तर एका संध्याकाळी जेवढे लोक येतात तेवढे आठवडाभराच्या सभेला येत नाहीत. १५ जानेवारी २०२६ चं महापालिकेचं मतदान याच दिवसांत आलं होतं. तशी वेळ पुन्हा आली तर यात्रेच्या गर्दीतच केंद्राचा पत्ता सांगायची तयारी हवी.

परवानगी आणि निःपक्षपातीपणा

जिल्हाधिकारी कार्यालयाची निवडणूक शाखा, मतदारसंघाचे मतदार नोंदणी अधिकारी आणि मतदार जागृतीच्या 'स्वीप' उपक्रमाचे नोडल अधिकारी, या तिघांना एकच पत्र द्या : संस्था, भागांचे क्रमांक, तारखा, स्वयंसेवकांची यादी. महापालिका निवडणूक असेल तर पत्र महापालिकेच्या निवडणूक विभागालाही. ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी वेगळी. पोचेचा शिक्का असलेली प्रत प्रत्येक जोडीच्या पिशवीत हवी. आचारसंहिता लागल्यावर रस्त्यात कोणीतरी अडवतंच.

आता चिन्हांचं. महाराष्ट्रात घड्याळ, मशाल, कमळ, पंजा, धनुष्यबाण, तुतारी हे सगळं पक्षांचं आहे. त्यामुळे फलकावर बोटाला शाई लावलेला उघडा तळवा छापू नका, फक्त तर्जनी दाखवा. रांगोळी स्पर्धेत मुली सवयीने कमळ काढतात, तेव्हा नियम आधी सांगा. 'मतदानाची वेळ' दाखवायला घड्याळाचं चित्र घालण्याचा मोह आवरा. पाहुण्याच्या स्वागताला तुतारी नको. हे क्षुल्लक वाटतं, पण एक फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला की महिन्याभराची मेहनत एखाद्या पक्षाच्या नावावर जमा होते. स्वयंसेवकांकडून लेखी घ्या की ते कोणत्याही पक्षाचे बूथ प्रतिनिधी नाहीत. माजी नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात शिबिर घेऊ नका, मंडप फुकट मिळत असला तरी.

दारात काय विचारायचं

प्रश्न चारच : घरात १७ वर्षांवरील किती जण? प्रत्येकाचं नाव यादीत दिसतंय का? यादीतलं कोणी वारलं किंवा दुसरीकडे गेलं का? ८५ वर्षांवरील किंवा दिव्यांग कोणी आहे का? याच क्रमाने, आणि हातात छापील यादी धरून. 'मतदार कार्ड आहे का?' या प्रश्नाने सुरुवात केली की लोक आतून कार्ड आणून दाखवतात आणि विषय संपतो. कार्ड असणं आणि यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड कपाटात राहतं, नाव पडताळणीत वगळलं जातं. संपूर्ण कार्यक्रमात एकच वाक्य लोकांच्या लक्षात राहायचं असेल तर ते हे असावं.

पूर्व भागात नावं शोधताना अडचण लिखाणाची येते. तेलुगू आडनाव यादीत येमुल, यमूल, एमूल असं कसंही असू शकतं. कन्नड नावातला 'प्पा' कधी सुटा, कधी जोडून. नावाने शोधून सापडलं नाही म्हणून नवा अर्ज भरू नका. आधी कार्डावरच्या एपिक क्रमांकाने शोधा, मग घरातल्या दुसऱ्या माणसाच्या अनुक्रमांकाच्या आजूबाजूला पाहा. तिथे नाव बहुधा सापडतं.

फेरीच्या वहीत प्रत्येक घराला एक खूण पुरते : सगळं ठीक, अर्ज हवा, बंद घर, बोलायला नकार. जात, धर्म, कोणाला मत देणार यातलं काहीही लिहायचं नाही, विचारायचंही नाही.

कोणता अर्ज कोणाला

फॉर्म ६ फक्त ज्यांचं नाव देशात कुठेच नाही अशांसाठी, म्हणजे पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी. पत्ता बदलला, नाव-वय-फोटो चुकला, कार्ड हरवलं, दिव्यांग म्हणून नोंद हवी, या सगळ्यांना फॉर्म ८. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेल्यावर पुन्हा फॉर्म ६ भरायचा, तो नियम २०२२ मध्ये बदलला. जुन्या स्वयंसेवकांच्या डोक्यात अजून तोच आहे. विजयपूरहून आलेल्या सुनेने जुनी नोंद लपवून फॉर्म ६ भरला तर नाव दोन ठिकाणी होतं, आणि अर्जातलं खोटं निवेदन हा एक वर्षापर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. तिच्याकडे जुना एपिक क्रमांक नसेल तर माहेरी फोन लावून आणा. पाच मिनिटांचं काम असतं.

फॉर्म ७ नाव वगळण्यासाठी. मृत माणसाचा अर्ज घरच्यांनीच भरावा, मृत्यूच्या दाखल्यासह. स्वयंसेवकांनी इतरांच्या नावावर फॉर्म ७ अजिबात भरू नये. हेतू चांगला असला तरी त्याचा वास वाईट येतो.

एक नियम संस्थांना सहसा ठाऊक नसतो. संस्थेने किंवा एका माणसाने गोळा करून आणलेले गठ्ठ्याने अर्ज कार्यालयात स्वीकारत नाहीत. तेव्हा दोनशे अर्ज पिशवीत भरून तहसीलला नेण्याचा बेत आखू नका. दोनच मार्ग आहेत : मतदार स्वतःच्या मोबाइलवरून आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर अर्ज करतो, नाहीतर शिबिरात हजर असलेल्या बीएलओंच्या हाती देऊन पोच घेतो. म्हणून शिबिराची तारीख बीएलओंच्या सोयीने ठरवा. ते बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात, आणि रविवारी बोलावलं तर निदान चहा आणि बसायला पंखा द्यावा.

शिबिराची मांडणी

जागा शाळेची किंवा समाजमंदिराची, शक्यतो तेच मतदान केंद्र असलेली. म्हणजे लोकांना जागाही कळते. वेळ चार तास. तीन टेबलं लागतात. पहिल्यावर छापील यादी आणि दोन माणसं, नाव शोधायला. इथेच निम्मी गर्दी 'नाव आहे' ऐकून घरी जाते. दुसऱ्यावर चार मोबाइल, वेगवेगळ्या कंपन्यांची सिम, दोन पॉवर बँक. तिसऱ्यावर बीएलओ. भिंतीवर पांढरी चादर ताणून फोटोची सोय करा : साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चेहरा समोर. सोबत कोरे फॉर्म ६ चे ६० आणि फॉर्म ८ चे ८०, झेरॉक्सची सोय, शाईचं पॅड. चार तासांत ६० ते ७० अर्ज नीट होतात. त्याहून जास्त झाले तर चुका वाढल्या असं समजा.

कागदपत्रं थोडीच लागतात. वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन यांपैकी एक. पत्त्यासाठी वीजबिल, पाणीपट्टी, बँक पासबुक, आधार किंवा नोंदणीकृत भाडेकरार. वसतिगृहातल्या मुलांना घरचा किंवा वसतिगृहाचा पत्ता यांपैकी एक निवडता येतो. केगावच्या विद्यापीठात शिकणाऱ्या, सांगोल्याच्या मुलीला दोन्ही समजावून सांगा आणि निवड तिच्यावर सोडा.

अर्ज नाकारले जातात ते ठरावीक चुकांनी. आधारची फक्त पुढची बाजू अपलोड केलेली असते आणि पत्ता मागे असतो. सगळ्यांच्या अर्जात स्वयंसेवकाचा एकच मोबाइल क्रमांक असतो, मग पुढचे संदेश भलतीकडे जातात. अर्जात इंग्रजीत नाव टाकलं की संकेतस्थळ मराठी नाव आपोआप घालतं आणि ते हमखास चुकतं. तो रकाना हाताने सुधारायचाच. आणि सर्वात मोठं कारण म्हणजे बीएलओ पडताळणीला दुपारी येतात, घरचे सगळे कामावर. यावर उपाय एकच : अर्ज भरताना शेजारच्या घराचं नाव आणि घरी असण्याची वेळ बीएलओंना लिहून द्या.

प्रत्येकाला संदर्भ क्रमांक कागदावर लिहून द्या, मोबाइलमधला फोटो हरवतो. तीन आठवड्यांनी सगळे क्रमांक तपासा. अर्ज नामंजूर झाला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. बहुतेक वेळा मात्र कागद नीट जोडून पुन्हा अर्ज करणं लवकर उरकतं. माहितीसाठी १९५० ही हेल्पलाइन आहे.

विडी, माग आणि भाषा

विडी वळणारी बाई हजाराच्या हिशोबाने मजुरी घेते. तिला एक तास सभेला बसवलं म्हणजे तिची तेवढी मजुरी गेली. सकाळी ती विड्या द्यायला कारखान्यात जाते, दुपारी घरी सूप मांडून बसते. तेव्हा दुपारीच जा, पाच-सहा जणी जिथे एकत्र बसतात तिथे, आणि हात चालू राहू देत बोला. कागद हातात देऊ नका, हात तंबाखूचे असतात. कागद भिंतीला चिकटवा. दहा मिनिटांत तीन गोष्टी : नाव कसं बघायचं, केंद्र कुठे, काय न्यायचं.

यंत्रमागाच्या शेडमध्ये बोलणं अशक्य. खटखटीत माणूस ओरडला तरी ऐकू जात नाही. पाळी बदलताना गेटवर किंवा समोरच्या चहाच्या टपरीवर गाठा. चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मालकांच्या संघटनेला आधी भेटा, कारण तिथला प्रश्न सुट्टीचा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब नुसार मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यायची असते, रोजंदारीवरच्यालाही. मालकाला दंड पाचशे रुपयांपर्यंतचा, म्हणजे कायद्याने फार काही बिघडत नाही. त्यामुळे मालकाशी आधीच बोलून पाळ्या लावून घेण्यातच शहाणपण. नगावर मजुरी घेणाऱ्याला 'सुट्टी' या शब्दाने आनंद होत नाही, त्याला पैसे कापले जाणार नाहीत हे मालकाच्या तोंडून ऐकायचं असतं.

भाषेबाबत एक गैरसमज महागात पडतो. तेलुगू वस्ती म्हणून तेलुगू लिपीत हजार पत्रकं छापली जातात आणि पडून राहतात. घरात तेलुगू बोलणारी कितीतरी माणसं मराठी शाळेत शिकलेली आहेत, त्यांना लिपी मराठीच वाचता येते. कन्नडचंही तेच. म्हणून छापायचं ते बहुतांशी मराठीत, १६ पॉइंटच्या मोठ्या अक्षरात, आणि बोलायचं ते तेलुगूत, कन्नडमध्ये, दख्खनीत. तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळांच्या आसपास तेवढी त्या त्या लिपीतली पत्रकं ठेवा. ध्वनिमुद्रण करताना हैदराबादी निवेदकाची पुस्तकी तेलुगू नको, अशोक चौकातल्या एखाद्या अक्काचा आवाज घ्या. ४० सेकंदांहून मोठी फीत रिक्षावर वाजवू नये. रिक्षा पुढे निघून जाते आणि वाक्य अर्धंच राहतं.

मतदानाच्या खोलीत काय होतं

पहिल्यांदा मत देणाऱ्याची भीती यंत्राची नसते, खोलीतल्या अनोळखी माणसांची असते. म्हणून प्रात्यक्षिक म्हणजे चार खुर्च्या मांडून पूर्ण खोली उभी करा. पहिला अधिकारी यादीत नाव बघून मोठ्याने वाचतो. दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करतो. मग आडोशामागे निळं बटण, लाल दिवा, शेजारच्या व्हीव्हीपॅट या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेत ७ सेकंद दिसणारी चिठ्ठी आणि बीप. ती चिठ्ठी हातात मिळत नाही, हे आवर्जून सांगा. कितीजण तिची वाट बघत उभे राहतात.

खरं प्रशिक्षण यंत्र हवं असेल तर ते निवडणूक शाखेचे कर्मचारी स्वतः आणतात, संस्थेच्या ताब्यात देत नाहीत. रोजच्या सरावाला पुठ्ठ्याचं यंत्र करा. त्यावर आंबा, पतंग, किटली असलं काही काढू नका, कारण अपक्षांना मिळणाऱ्या चिन्हांच्या यादीत जवळपास सगळं घर आहे. गोल, चौकोन, त्रिकोण पुरेत. शेवटची ओळ नोटाची.

महापालिकेचा सराव वेगळा घ्यावा लागतो. सोलापुरात २६ प्रभाग आणि १०२ जागा, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. चार जागांसाठी चार मतं, प्रत्येक जागेची यादी वेगळ्या रंगात. एकाच जागेवर दोन मतं देता येत नाहीत, आणि चारही बटणं दाबेपर्यंत मतदान पूर्ण होत नाही. एखाद्या जागेला कोणीच पसंत नसेल तर त्या जागेचा नोटा दाबायचा. एक बटण दाबून बाहेर पडणारे मतदार केंद्राध्यक्षांची झोप उडवतात. त्यामुळे पुठ्ठ्यावर चार रंग लावून प्रत्येकाकडून चार वेळा बटण दाबून घ्या. जिल्हा परिषदेला दोन मतं, एक जिल्हा परिषदेच्या गटाचं आणि एक पंचायत समितीच्या गणाचं.

अडचणीच्या वेळचे हक्क थोडक्यात पण नेमके सांगा. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर ओळख पटवून 'प्रदत्त मत' कागदी मतपत्रिकेवर देता येतं, परत फिरू नका. व्हीव्हीपॅटवर दुसरंच नाव दिसलं असं वाटलं तर लेखी घोषणा देऊन चाचणी मत मागता येतं, पण खोटं ठरल्यास शिक्षा आहे. अंध किंवा अपंग मतदाराला १८ वर्षांवरील सोबती नेता येतो. मतदानाची वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा, दोघंही गुन्हेगार. तक्रार आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर फोटोसह होते.

'माझं मत कोणाला गेलं हे साहेबांना कळतं का?' हा प्रश्न कोणी उघड विचारत नाही, तेव्हा तुम्हीच काढा. यंत्रात मताबरोबर मतदाराचं नाव नोंदलं जात नाही. धान्य, घरकुल, पेन्शन यांतलं काहीही मतामुळे बंद होत नाही. हे वाक्य सरकारी कर्मचाऱ्याच्या तोंडून आलं तर जास्त पटतं.

शेवटचे दहा दिवस

आता घरोघरी फक्त एक कागद जायचा : मतदाराचं नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक, केंद्राचं नाव आणि खोली. बीएलओंची मतदार माहिती चिठ्ठी मिळाली असेल तर आपला कागद नको. २०१९ पासून ती चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, हे मात्र पुन्हापुन्हा सांगायचं. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटोचं पेन्शन कागदपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र अशा मान्य पुराव्यांपैकी एक. मूळ न्यायचं, झेरॉक्स नाही. केंद्र बदललं असेल तर जुन्या केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरात नवा पत्ता लावण्याची विनंती निवडणूक शाखेला करा.

लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. त्यासाठी फॉर्म १२ ड अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. फेरीच्या वहीतली ती नावं आधीच वेगळी काढलेली असतील तरच हे जमतं. आणि घरून मतदानाचा अर्ज मंजूर झाला की केंद्रावर मत देता येत नाही.

सोलापूरचं लोकसभेचं मतदान उन्हाळ्यात येतं. २०२४ मध्ये ते ७ मेला झालं. पारा चाळिशीच्या पुढे असताना दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात. त्यामुळे म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना सकाळी सात ते दहाची वेळ सांगा, कारखान्यातल्यांना पाळीप्रमाणे. केंद्रावर सावली आणि पाण्याची सोय आहे का, हे दोन दिवस आधी पाहून निवडणूक शाखेला कळवा.

मतदान संपण्याच्या ४८ तास आधीपासून स्वयंसेवकांनी वस्तीत घोळक्याने फिरणं टाळावं. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या १०० मीटरच्या आत फलक, टोप्या, एकसारखे टी-शर्ट काही नको. मतदारांना रिक्षाने आणणं-सोडणं हा उद्योग अंगावर घेऊ नका. तुम्ही निःपक्ष असलात तरी रिक्षावाल्याचा पक्ष असतो. दिव्यांगांसाठी वाहन हवं असेल तर ते प्रशासनाकडून मागा.

नोंदी

कार्यक्रमाचा हिशोब 'किती लोकांपर्यंत पोचलो' या आकड्यात मांडू नका. केंद्रनिहाय चार आकडे ठेवा : तपासलेली घरं, भरलेले अर्ज, मंजूर अर्ज, आणि मंजूर झालेल्यांपैकी किती जणांच्या बोटाला शाई लागली. शेवटचा आकडा मतदानानंतरच्या आठवड्यात फोन करून मिळतो. फोनवर फक्त 'दिलं का' एवढंच विचारायचं. भरलेले आणि मंजूर यांत मोठी दरी असेल तर चूक शिबिरात झाली. मंजूर आणि शाई यांत दरी असेल तर ती सुट्टीत, केंद्राच्या अंतरात किंवा उन्हात शोधा. फॉर्म २० आला की मागच्या टक्केवारीशी ताडून पाहा, पण यादीतून वगळलेली नावंही मोजा. मयत आणि गेलेले वगळले गेल्याने टक्का नुसता कागदावरही वाढतो.

फेरीच्या वह्या पुढच्या अर्हता तारखेला कामाला येतात, तेव्हा १७ वर्षांच्या पोरांची नावं वेगळ्या पानावर उतरवून ठेवा आणि बीएलओंना द्या. अर्ज भरताना स्वयंसेवकांच्या मोबाइलमध्ये आलेले आधारचे आणि माणसांचे फोटो मात्र पाठपुरावा संपताच समोर बसवून पुसून घ्या, गॅलरीतून आणि 'डिलीट' झालेल्या फोल्डरमधूनही, आणि व्हॉट्सअॅप गटातून सगळ्यात आधी.